साखरपुड्याचे छायाचित्र आणि त्याची पारख

खानदेशात सोयरीक ठरली, सुपारी फुटली आणि साखरपुड्याचा दिवस निश्चित झाला, की पूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना पहिली आठवण होई ती सोनाराची. आता सोनाराच्या बरोबरीने, आणि पुष्कळ घरी त्याच्याही आधी, छायाचित्रकाराला बोलावणे जाते. जळगाव हे सोन्याच्या व्यापारासाठी नावाजलेले शहर. दागिना कसा पारखावा हे तेथील गृहिणींना कोणी शिकवावे लागत नाही. वजन पाहावे, कस पाहावा, घडणावळ किती लावली ते विचारावे, सांधा कोठे कच्चा राहिला असेल तर तो दाखवून द्यावा. सोनारही या बोलण्याचा राग मानीत नाही, कारण बोलणे दागिन्याविषयी चाललेले असते. दागिना शोभत नाही याचे कारण मुलीचा गळा चांगला नाही, असे पेढीवर बसून कोणी म्हणत नाही. म्हटलेच, तर ते बोलणे पारख या सदरात मोडणार नाही.

परंतु तेच गृहस्थ व त्याच गृहिणी साखरपुड्याची छायाचित्रे हाती घेतात, तेव्हा ही मर्यादा बहुधा सुटते. चित्राविषयी बोलावयाचे असते आणि बोलणे जाते ते चित्रातील माणसांवर. मुलगी सावळी दिसते, मुलगा ठेंगणा दिसतो, हसताना हिचे दात पुढे येतात, ह्याचे पोट दिसते. असे अभिप्राय चहाच्या पेल्याबरोबर सहज फिरतात. ज्यांच्याविषयी ते उच्चारले जातात ती दोघे बहुधा त्याच खोलीत बसलेली असतात. छायाचित्रकार तेथे नसतो. त्याच्या कामात काय उणे राहिले हे त्याला कळतच नाही. ज्याने ऐकावे त्याच्या कानी काही जात नाही, आणि जिने ऐकू नये तिच्या मनात ते आयुष्यभर राहते. या लहानशा दिसणाऱ्या, पण घरोघरी घडणाऱ्या प्रकाराचा विचार करणे म्हणूनच अस्थानी ठरू नये.

‘टीका’ हा शब्द आज दोष काढणे या अर्थी रूढ झाला आहे. मूळचा अर्थ तसा नाही. ग्रंथाचा आशय उलगडून दाखविणारे विवेचन ते टीका. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका होय, आणि तिच्यात गीतेला नावे ठेवलेली नाहीत. ग्रंथात काय आहे ते आधी स्वतः पाहावे, मग दुसऱ्यास दाखवावे, हा टीकेचा जुना धर्म आहे. छायाचित्राच्या बाबतीत तोच धर्म पाळला, तर आज ज्या बोलण्याने घरात रुसवेफुगवे होतात त्याच बोलण्याने कारागीर सुधारेल आणि चित्रातील दोघांची मनेही दुखावणार नाहीत.

छायाचित्रकला आपल्याकडे आली ती चर्चेची सवय बरोबर घेऊनच आली. या कलेची जाहीर वार्ता युरोपात १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थही त्या आरंभीच्या काळात या कलेत रमले होते. पुढे १९३७ मध्ये मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था निघाली. आपले चित्र जाणत्या मंडळींपुढे ठेवावे, त्यांनी त्यातील उजेड, मांडणी आणि मुद्रण यांविषयी चार शब्द सांगावे, आणि ते ऐकून पुढचे चित्र काढावे, हा अशा मंडळांतील शिरस्ता आहे. तेथे चित्रावरची टीका ही व्यक्तीची निंदा ठरत नाही, कारण सारेच त्या विद्येचे विद्यार्थी असतात.

घरातील छायाचित्राचा इतिहास मात्र निराळा. जुन्या काळी नवपरिणीत जोडपे स्टुडिओत जाई. मागे रंगविलेला पडदा असे. त्यावर बाग, खांब किंवा जिना काढलेला असे. पती खुर्चीवर बसे, पत्नी बाजूला उभी राही. काच किंवा फिल्म महाग, म्हणून एक नाहीतर दोन चित्रे निघत. जे निघे ते चौकटीत बसून दिवाणखान्याच्या भिंतीवर चढे आणि त्यावर चर्चा करण्याचे कोणास प्रयोजन उरत नसे. निवडीला वाव नव्हता, म्हणून टीकेलाही नव्हता. आज एका सकाळी शेकडो चित्रे निघतात. त्यांतून अल्बमसाठी शंभरएक वेचावी लागतात. ही निवड सारे घर मिळून करते, आणि म्हणून टीका घरात आली. ज्यांनी ती कधी केली नव्हती त्यांच्यावर ती करण्याची पाळी आली आहे. ती चुकते याचे कारण दुष्टपणा नव्हे. सराव नाही, हे होय.

छायाचित्रेही आता समारंभापुरती राहिलेली नाहीत. साखरपुडा आणि लग्न यांमधील दिवसांत वधूवरांना बाहेर नेऊन, निरनिराळ्या पोशाखांत, निरनिराळ्या स्थळी चित्रे काढावयाची, यास प्री-वेडिंग असे नाव रूढ झाले आहे. जळगावची मंडळी मेहरूण तलावाच्या काठी जातात, चाळीसगावकडील पाटणादेवीच्या डोंगराशी जातात. धुळ्याची मंडळी लळिंगचा किल्ला गाठतात. रावेर-यावलकडे केळीच्या बागा आहेतच. या प्रथेवर जाहीर आक्षेपही घेतले गेले. २०१९ मध्ये भोपाळ येथील काही समाजसंस्थांनी आपल्या मंडळींना अशी छायाचित्रे काढण्यास बंदी केली, आणि त्याची वार्ता देशभर पोहोचली. महाराष्ट्रातही खर्च आणि औचित्य या दोन्ही कारणांनी हा विषय समाजाच्या बैठकींत निघाल्यावाचून राहिला नाही.

येथेच पहिला घोटाळा होतो. साखरपुड्याच्या छायाचित्राविषयी तीन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात, आणि घरातील बोलण्यात ते तिन्ही एकात एक मिसळलेले असतात. असे चित्र काढावे काय, व काढल्यास ते कोणी पाहावे, हा पहिला प्रश्न. काढलेले चित्र चित्र म्हणून चांगले उतरले आहे काय, हा दुसरा. त्यातील माणसे देखणी आहेत काय, हा तिसरा. पहिला प्रश्न औचित्याचा, दुसरा कारागिरीचा, तिसरा रूपाचा. पहिल्यावर घरातील वडीलधाऱ्यांनी बोलावे, पण ते चित्र काढण्यापूर्वी. दुसऱ्यावर ज्याला डोळा आहे त्याने बोलावे, पण ते छायाचित्रकारापाशी. तिसऱ्यावर बोलण्याचा अधिकार कोणालाच नाही. सोयरीक ठरली त्या दिवशीच तो प्रश्न निकालात निघालेला असतो.

औचित्याविषयी थोडके सांगणे पुरे. एखाद्या आत्याबाईंना भावी पतीने खांद्यावर ठेवलेला हात खटकला, तर त्यांना बुरसटलेल्या म्हणून उडवून लावणे योग्य नव्हे. आणि त्यांना खटकला म्हणून ते चित्र फाडून टाकणे हेही योग्य नव्हे. बहुधा भांडण चित्राचे नसतेच, ते दाखविण्याचे असते. जे चित्र दोघांनी आपल्यापाशी ठेवावे ते लग्नमंडपातील मोठ्या पडद्यावर हजार पाहुण्यांसमोर लावले, म्हणजे व्याही अवघडतात आणि विहीणबाई मान खाली घालतात. कोणते चित्र दोघांचे, कोणते घरच्यांचे आणि कोणते मंडपाचे, एवढी वाटणी आधीच केली, तर या वादातील निम्मे वाद उरत नाहीत.

कारागिरीचा प्रश्न अधिक खोल आहे, आणि तेथे टीका खरोखर उपयोगी पडते. खानदेशातील उन्हाचेच उदाहरण घ्यावे. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २१ अंशांवर आहेत. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि माणसाची सावली त्याच्या पायाखाली जाते. लग्नसराईही त्याच सुमारास. डोक्यावरच्या या उन्हात काढलेल्या चित्रात कपाळ आणि नाकाचा शेंडा चकाकतो, डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो, हनुवटीखाली काळी सावली पडते. वीस वर्षांची मुलगी चाळिशीची दिसू लागते. पाहणारा म्हणतो, “मुलगी काळी आणि थकलेली दिसते.” जाणता म्हणतो, “ऊन डोक्यावरचे आहे; डोळ्यांत उजेड पोहोचलेला नाही.” दोघांनी पाहिले एकच. पहिल्याचे वाक्य मुलीच्या जिव्हारी लागते आणि त्याला उपाय नाही. दुसऱ्याचे वाक्य छायाचित्रकारापाशी जाते आणि त्याला तीन उपाय आहेत: सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात किंवा मावळतीच्या वेळी चित्र काढावे, झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत उभे करावे, अथवा पांढरा फलक धरून खालून उजेड परतवावा.

दुसरे उदाहरण केळीच्या बागेचे. बागेत शिरलेला उजेड पानांतून गाळून येतो, म्हणून तो हिरवट असतो आणि त्याची छटा चेहऱ्यावर उतरते. डोळ्याला ती जाणवत नाही, कारण मन रंग आपोआप दुरुस्त करून घेते. यंत्र मात्र जसे आहे तसे टिपते. अशा चित्रात वधूवर आजारी दिसतात. त्यांची प्रकृती विचारण्यापेक्षा बागेच्या कडेला, उघड्या आकाशाच्या उजेडात त्यांना का उभे केले नाही, हे विचारावे. तिसरे उदाहरण चेहऱ्याच्या ठेवणीचे. कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ नेला, की जे पुढे आहे ते प्रमाणाबाहेर मोठे होते. नाक फुगते, कान मागे सरतात. चार पावले मागे सरून लांब पल्ल्याच्या भिंगाने तेच चित्र काढले, तर चेहरा जसा आहे तसा येतो. “नाक मोठे आहे” या शेऱ्याचे खरे उत्तर पुष्कळ वेळा चार पावलांत असते.

स्थळाविषयीही विचारता येते. लळिंगला गेले आणि किल्ला चित्रात दिसलाच नाही, नुसते धूसर आकाश दिसले, तर तेवढे चालून जाण्याचे प्रयोजन काय? ज्या घराची तीन पिढ्यांची कमाई केळीच्या बागेतून आली त्या घरच्या मुलामुलीला परदेशातील जांभळ्या फुलांच्या शेताच्या पडद्यापुढे उभे केले, तर जुन्या स्टुडिओतील रंगविलेल्या बागेत आणि त्यात फरक कोणता? मागचा पडदा बदलला, पण आपले अंगण चित्रात घेण्याचा संकोच तसाच राहिला. ही टीका कडक आहे. तरी ती कोणाच्या तोंडावळ्याला लागत नाही, म्हणून ऐकून घेता येते.

आता सर्वांत कठोर टीकेकडे वळावे. ती शब्दांनी होत नाही. असा एक प्रसंग कल्पावा. धुळ्यातील एका घरी साखरपुड्याची छायाचित्रे आली आहेत. मुलगी शेतकऱ्याच्या घरची, वर्णाने सावळी, शिकून नोकरीला लागलेली. छायाचित्रकार होतकरू तरुण आहे. उजेड त्याने चांगला राखला आहे, मांडणी नीट आहे. मात्र संगणकावर चित्रे सिद्ध करताना त्याने नेहमीच्या सवयीने तिचा वर्ण उजळ केला आहे, गालावरचा तीळ पुसला आहे, हनुवटी थोडी निमुळती केली आहे. घरातील मंडळी “छान आली” म्हणतात. मुलगी काही बोलत नाही. शेवटी चित्र आजीच्या हाती जाते. आजी चष्मा पुसते, चित्र दूर धरते, जवळ धरते आणि आपल्या अहिराणीत सरळ विचारते, “हाई कोन शे?”

ही कोण आहे? त्या तीन शब्दांत कोणाची निंदा नाही, कलेची परिभाषा नाही, आवाजात रागही नाही. तरी त्या चित्रावर याहून नेमकी टीका कोणत्याही परीक्षकाला करता आली नसती. कारण मुलीच्या वर्णाला नाव ठेवण्याचे काम घरातील कोणी केले नव्हते; ते त्या दुरुस्तीने केले होते. न विचारता चेहरा बदलणे ही चित्रातील माणसावर केलेली टीकाच होय. तू आहेस तशी चालणार नाहीस, असे ती दुरुस्ती सांगते, आणि लग्नाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलीला सांगते. बोललेल्या शब्दाला उत्तर देता येते. हे न बोललेले असल्यामुळे मुलगी गप्प राहते, आणि तिचे गप्प राहणे हे समाधान समजले जाते.

यात त्या तरुणाचा सारा दोष मानणे अन्यायाचे होईल. गोऱ्या कातडीला अनुकूल असण्याची ही खोड त्याच्या आधीपासून या कलेत शिरलेली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेतील रंगीत मुद्रणशाळांतून रंग जुळविण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीचे नमुनाचित्र वापरीत. त्यास तेथे ‘शर्ली’ असे नाव पडले होते. शर्लीचा वर्ण बरोबर उतरला, की यंत्र बरोबर लागले असे मानीत. साहजिकच सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या माणसांचे चेहरे त्या मुद्रणात नीट उतरत नसत. त्यांतील बारकावे हरवत. पुढे फिल्म सुधारली. तिचा इतिहास लिहिणारे सांगतात, की त्या सुधारणेमागे चॉकलेटचे आणि लाकडी सामानाचे व्यापारी यांच्या तक्रारी होत्या, कारण त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा चित्रात वेगळ्या दिसत नव्हत्या. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. ग्राहकाच्या नेमक्या तक्रारीने मोठमोठे कारखानेही बदलतात, ही एक. माणसांनी आपल्या चेहऱ्याची तक्रार चॉकलेटच्या व्यापाऱ्याइतक्या स्पष्टपणे करावयास शिकले पाहिजे, ही दुसरी.

येथे कोणी विचारील, की कृत्रिमता सर्वस्वी त्याज्य आहे काय? याचे उत्तर खानदेशातच सापडते. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव हे जंक्शन. धुळ्याकडे जाणारा लोहमार्गाचा फाटा येथूनच निघतो. या गावी केकी मूस राहत असत. त्यांचा जन्म १९१२ चा; १९८९ च्या अखेरीस ते निवर्तले. विलायतेत कलेचे शिक्षण घेऊन ते चाळीसगावी परतले आणि पुढे सुमारे अर्धे शतक स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्याबाहेर क्वचितच पडले. त्यांची ख्याती ‘टेबल टॉप’ छायाचित्रांची. खोलीतल्या टेबलावर घरगुती वस्तूंची मांडणी करून, उजेड खेळवून, ते अशी दृश्ये उभी करीत की पाहणाऱ्याला ती बाहेरच्या विस्तीर्ण निसर्गाची वाटावीत. ही कृत्रिमताच होती. पण तिने कोणाचा अधिक्षेप होत नव्हता. टेबलावरच्या वस्तूंना कोणी डोंगर म्हटले, तर त्या वस्तूंना वाईट वाटत नाही. माणसाचा चेहरा ही तशी वस्तू नव्हे. कृत्रिमता कोठवर चालते याची रेषा येथे स्पष्ट दिसते. मांडणीत, उजेडात, पार्श्वभूमीत कलावंताने हवे तितके स्वातंत्र्य घ्यावे. जिवंत माणसाच्या चेहऱ्याला हात लावण्यापूर्वी त्या माणसाला विचारावे.

मूस यांच्या जीवनातील दुसरी गोष्ट टीका घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. जो माणूस स्वतः उंबरठा ओलांडीत नव्हता, त्याची चित्रे मात्र देशोदेशींच्या प्रदर्शनांत जात आणि अनोळखी परीक्षकांपुढे उभी राहत. त्यांना बक्षिसेही पुष्कळ मिळाली. परीक्षकापुढे उभे राहिलेल्या चित्राला आपल्या धन्याची कैफियत सांगता येत नाही. त्यात जे उतरले असेल तेवढेच बोलते. चाळीसगावात असेही सांगतात, की तरुणपणी एका मुलीने त्यांना आपण येऊ असे वचन दिले होते, आणि त्या वचनाखातर ते वर्षानुवर्षे रात्रीची पंजाब मेल येऊन जाईपर्यंत दार उघडे ठेवून वाट पाहत. ते अविवाहितच राहिले. या कथेत लोकांच्या जिव्हाळ्याने किती भर घातली असेल ते असो. साखरपुड्याच्या चित्रांचा पसारा पुढ्यात घेऊन त्यांतील व्यंगे मोजणाऱ्यांनी मात्र ती एकदा आठवावी. दोन माणसे एका चौकटीत येऊन उभी राहिली, ही गोष्टच मुळात लहान नव्हे.

टीका ऐकून घेणे ही टीका करण्याहून अवघड विद्या. छायाचित्रकाराच्या तोंडी साधारणतः तीन उत्तरे असतात. “ग्राहकालाच तसे हवे होते,” हे पहिले. यात तथ्य असते. मागच्या दहा घरांनी वर्ण उजळ करून मागितला, म्हणून अकराव्या घरी त्याने तो न मागता दिला. पण दहा घरांची इच्छा अकराव्या घराची संमती होत नाही. “मोबाइलवर रंग तसेच दिसतात,” हे दुसरे. यातही तथ्य आहे; प्रत्येक पडद्याचा रंग निराळा असतो. म्हणूनच सारा अल्बम छापण्यापूर्वी एक चित्र कागदावर छापून दिवसाच्या उजेडात दोघांना दाखवावे. “ही माझी शैली आहे,” हे तिसरे. शैली खरी असेल तर ती प्रश्नाने मोडत नाही. आणि प्रश्न विचारताच जी मोडते ती शैली नसून सवय असते.

शाळेतील निबंधाच्या वहीची उपमा येथे लागू पडते. सबंध पान तांबड्या शाईने रंगविलेली वही परत मिळाली, की मुलगा ती मिटून ठेवतो. पुढचा निबंध सुधारत नाही. त्याच वहीत एखादे चांगले वाक्य अधोरेखित केलेले असले, एकच चूक दाखविलेली असली आणि समासात तिची दुरुस्ती लिहिलेली असली, तर मुलगा ती दुसऱ्यांदा उघडतो. छायाचित्रकारालाही हाच न्याय लावावा. प्रथम काय साधले ते सांगावे, आणि ते खरे असावे; खोटी स्तुती तो ओळखतो. मग त्याचा हेतू काय होता ते विचारावे. नंतर एक दोष, शक्य तर उपायासह, दाखवावा. हे बोलणे एकांती करावे. पाहुण्यांच्या देखत नव्हे. आणि ते वेळेवर करावे. अल्बम छापून, बांधून, पैसे चुकते करून झाल्यावर काढलेला दोष कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

वधूवरांनीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. चित्र त्यांचे आहे, आणि ते केवळ भावनेने नव्हे, कायद्यानेही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले असेल, तर उलट करार नसल्यास त्या छायाचित्राचा पहिला स्वामी तो काढवून घेणाराच होतो. तेव्हा करार सही करण्यापूर्वी वाचावा. आपली चित्रे छायाचित्रकाराने जाहिरातीत लावावी की नाही, चेहऱ्यात बदल करावा की नाही, हे आधी लिहून घ्यावे. संकोच नंतर महाग पडतो. नातेवाइकांचे शेरे ऐकताना त्यांची वाटणी करावी: जो शेरा उजेडाविषयी आहे तो छायाचित्रकाराकडे पोहोचवावा, जो दाखविण्याच्या औचित्याविषयी आहे त्याचा दोघांनी मिळून विचार करावा, जो रूपाविषयी आहे तो जेथून आला तेथेच राहू द्यावा.

या वाटणीत वराचे एक विशेष कर्तव्य आहे. वधूच्या वर्णाविषयी किंवा बांध्याविषयी खोलीत शब्द निघाला, तर तो तेथल्या तेथे आवरण्याचा अधिकार आणि जबाबदारी त्याची. मोठ्यांचा अवमान न करता हे साधते. “मामा, ऊन फार होते हो, चित्र काढणाऱ्याने आम्हाला भर दुपारी उभे केले,” एवढे म्हटले तरी पुरे. बोलणे माणसावरून उजेडावर येते, मामांचा मान राहतो, आणि शेजारी बसलेल्या मुलीला कळते की या घरात आपल्या बाजूने कोणी बोलणारे आहे. साखरपुड्याच्या चित्रांतून तिला मिळण्यासारखी याहून मोठी गोष्ट दुसरी नाही.

कल्पिलेल्या त्या घरी पुढे काय व्हावे? आजीचा प्रश्न ऐकून मुलीने धीर करून छायाचित्रकाराला सांगावे, की चित्रे चांगली आहेत. माझा रंग आणि माझा तीळ तेवढा मला परत द्या. त्याने प्रथम गोंधळावे, कारण अशी मागणी त्याच्याकडे बहुधा कोणी केलेली नसेल. मग मूळ चित्र काढून कागदावर छापावे आणि दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावी. त्याच्या ध्यानी येईल, की त्याने राखलेला उजेड मूळ चित्रातच चांगला दिसतो; सावळ्या कांतीवर मावळतीच्या उन्हाची जी झाक त्याने नेमकी साधली होती ती दुरुस्तीत त्यानेच पुसून टाकली होती. ती टीका जितकी मुलीच्या हिताची, तितकीच त्याच्याही हिताची ठरली.

तीस-चाळीस वर्षांनी हे अल्बम पुन्हा उघडले जातील. त्या वेळी आजी नसेल, पडद्यावरच्या जांभळ्या फुलांची फॅशनही नसेल. नातवंडे बोट ठेवून विचारतील, “ही कोण?” तेव्हा “ही मीच,” असे तिला न अडखळता सांगता यावे, एवढीच त्या चित्राची परीक्षा आहे.